शहर नियोजनाचा परदेशातला उन्हाळी अभ्यासक्रम: अर्जापासून अहवालापर्यंत, योग्य क्रमाने

कोपनहेगन, फ्रायबर्ग, व्हिएन्ना, बार्सिलोना, रॉटरडॅम ही शहरे शहरी शाश्वतता आणि नगर नियोजनाच्या तीन ते सहा आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमांसाठी निवडली जातात. तिथून परतलेल्या विद्यार्थ्याकडे हजारभर फोटो असतात. अहवाल लिहायला बसल्यावर मात्र लक्षात येते की फोटोत सायकलमार्ग दिसतो, पण त्याची रुंदी कुठेच टिपलेली नाही. चौक माणसांनी भरलेला दिसतो, पण तो कोणत्या वारी आणि किती वाजता, हे आठवत नाही. तुलना करायची तर आपल्याच शहराचे आकडे हाताशी नाहीत.

यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या आहेत: जे आधी करायचे ते नंतर केले जाते आणि नंतर ते करता येत नाही. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## १. आधी प्रश्न, मग शहर (सुरुवातीच्या ८ महिने आधी)

बरेच जण शहराच्या नावावर भाळून अर्ज करतात. प्रत्येक शहर मात्र प्रत्येक प्रश्नाला उपयोगी नसते. पावसाचे पाणी शहरात कसे सामावून घ्यावे, हा विषय असेल तर कोपनहेगन घ्या. तिथे २ जुलै २०११ रोजी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र आराखडा तयार झाला. रॉटरडॅमचा बेंथेमप्लाइन हा पाणी साठवणारा चौक (२०१३) त्याच विषयाचा दुसरा चेहरा आहे. गाड्यांवर कमी अवलंबून असलेली वस्ती पाहायची असेल तर फ्रायबर्गमधली फोबां. तिथे गाड्या कडेच्या सामाईक पार्किंगमध्ये राहतात आणि २००६ पासून ट्राम वस्तीच्या मधून जाते. सार्वजनिक घरबांधणीसाठी व्हिएन्ना: १९३० चे कार्ल-मार्क्स-होफ हे गृहसंकुल आणि आजची झेश्टाट आस्पर्न ही नवी वस्ती एकाच मुक्कामात पाहता येतात. रस्त्याची जागा गाड्यांकडून काढून माणसांना देणे हा विषय असेल तर बार्सिलोनाचे सुपरब्लॉक. इमारतींच्या तीन बाय तीन चौकटींचा, साधारण ४०० मीटर बाजूचा एक गट, हे त्यांचे मूळ मोजमाप. शहराच्या पोब्लेनोऊ भागात २०१६ साली हा प्रयोग झाला.

प्रश्न इतका लहान हवा की चार आठवड्यांत, एका रस्त्यावर किंवा एका चौकात त्याचे उत्तर शोधता येईल. ‘शाश्वत शहर कसे घडते?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. ‘पाणी साठवणाऱ्या चौकात कोरड्या दिवशी किती माणसे थांबतात आणि ती कुठे बसतात?’ हा प्रश्न चालतो, कारण त्याचे उत्तर कागद, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन मिळवता येते.

अभ्यासक्रमाचे वेळापत्रक मागवा आणि प्रत्यक्ष पाहणीचे तास मोजा. चार आठवड्यांत सहा शहरे असतील तर ती सहल आहे. एका रस्त्यावर दुसऱ्यांदा जायलाही वेळ मिळत नाही, आणि शहर कळायला लागते ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. दोनपेक्षा जास्त शहरे असलेला अभ्यासक्रम शक्यतो टाळा.

## २. श्रेयांकांची मंजुरी लेखी घ्या (७ महिने आधी)

‘परत आल्यावर बघू’ हे विभागात कोणी तोंडी सांगितले असेल तर ती मंजुरी नव्हे. अर्ज भरण्यापूर्वी आपल्या विभागाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: किती श्रेयांक धरले जातील, कोणत्या विषयाच्या बदल्यात धरले जातील, आणि श्रेणीचे रूपांतर कोणत्या कोष्टकाने होईल. पत्रासोबत परदेशातल्या अभ्यासक्रमाचा तपशील, शिकवण्याचे तास आणि मूल्यमापनाची पद्धत जोडा.

युरोपात श्रेयांक ईसीटीएस या सामाईक पद्धतीने मोजतात. एक श्रेयांक म्हणजे एकूण २५ ते ३० तासांचे काम. वर्ग, पाहणी, वाचन, लेखन हे सगळे त्यात आले. ७.५ श्रेयांकांचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत उरकायचा असेल तर एकूण १८८ ते २२५ तास होतात, म्हणजे आठवड्याला ४७ ते ५६. हा हिशेब आधीच मांडला तर प्रत्येक शनिवार-रविवारी दुसरे शहर फिरण्याचे बेत आपोआप गळतात.

तपासणी: पत्रावर श्रेयांकांची संख्या, तारीख आणि सही आहे का? यातले एकही नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## ३. अर्ज (६ ते ५ महिने आधी)

हेतुपत्रात पर्यावरणाविषयीच्या जिव्हाळ्याची वाक्ये नकोत, ती सगळ्यांच्याच पत्रात असतात. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात त्यासाठी आजवर केलेले काम, तिसऱ्यात याच शहरातली कोणती जागा पाहायची आणि का, चौथ्यात परतल्यावर त्याचे काय करणार. एवढे एका पानात बसते.

कामाचा संग्रह मागितला असेल तर १० ते १२ पाने पुरेत. प्रत्येक नकाशावर उत्तर दिशा आणि पट्टीरूप प्रमाण असलेच पाहिजे. ‘१:५००’ असे नुसते आकड्यात लिहिलेले प्रमाण फाइल लहान-मोठी होताच खोटे ठरते, आणि निवड करणाऱ्यांना हे लगेच दिसते. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान चार आठवडे द्या. सोबत आपला प्रश्न एका ओळीत लिहून पाठवा, म्हणजे पत्र त्या प्रश्नाला धरून येते.

## ४. कागदपत्रे: इथे क्रम चुकला की सगळे अडते (४ ते २ महिने आधी)

क्रम असा: प्रवेशपत्र, राहण्याचा पत्ता, विमा, व्हिसाची भेट, आणि शेवटी पक्के तिकीट. स्वस्त मिळाले म्हणून तिकीट आधी काढणे ही नेहमीची चूक आहे. व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नका.

शेंगेन देशांतल्या (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांतल्या) अभ्यासक्रमासाठी व्हिसा लागणार असेल तर हे नियम पाठच करा:

- मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. प्रवेशाचा दिवस आणि बाहेर पडण्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात.
- अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. म्हणून शेवटच्या १५ दिवसांचा नियम विसरा आणि किमान दोन महिने धरा.
- वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवसासाठी.
- पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, दोन कोरी पाने असलेला.
- दोन देशांत मुक्काम असेल तर अर्ज जास्त दिवस राहणार त्या देशाकडे.

सावधान: अभ्यासक्रमात मधेच शेंगेनबाहेरच्या शहराची, उदाहरणार्थ लंडनची, भेट असेल तर परत येताना दुसरा प्रवेश धरला जातो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतला तर परतीच्या सीमेवर अडकाल. अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा आणि कार्यक्रमपत्रिकेत त्या तारखेवर खूण करा. लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो का, तेही त्याच वेळी पाहा.

खर्चाच्या यादीत शुल्क, निवास आणि प्रवास सगळेच लिहितात. राहून जातात ती घराची अनामत रक्कम, शहरातला मासिक पास, सायकलचे भाडे, छपाई आणि पाहणीतले प्रवेशशुल्क. एकूण बेरजेवर १० ते १५ टक्के राखीव धरा. निवास निवडताना पाहणीच्या जागेजवळचे घर थोडे महाग पडले तरी घ्या. सकाळी आठची मोजणी दूर राहणाऱ्याकडून दुसऱ्या आठवड्यात हमखास बंद पडते.

## ५. निघण्यापूर्वी आपला एक रस्ता मोजा (२ महिने ते २ आठवडे आधी)

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. पुढच्या सगळ्या कामाचा पाया मात्र हाच आहे. आपल्या शहरातला साधारण १०० मीटर लांबीचा रस्ता किंवा एक चौक निवडा आणि परदेशात जसे मोजणार तसेच इथे मोजा. त्यामुळे तुलनेला आधार मिळतो आणि पद्धतीतल्या चुका घरीच उघड्या पडतात.

साहित्य फार लागत नाही: ५ मीटरची स्टीलची टेप, कागद लावायची फळी, पेन्सिल (पावसात पेनची शाई फुटते), हातात धरायचे मोजणीयंत्र, छापील कोरे तक्ते. लेझरचे अंतरमापक असेल तर न्या, पण कडक उन्हात त्याचा लाल ठिपका दिसेनासा होतो. तेव्हा पावलांवरच यावे लागते.

पावलाची लांबी काढा. सपाट जागी ५० मीटर मोजून घ्या, नेहमीच्या चालीने पाच वेळा चाला आणि पावलांची सरासरी काढा. ६८ पावले पडली तर एक पाऊल ०.७४ मीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

रस्त्याचा आडवा छेद काढा. एका इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत क्रमाने टिपा: फुटपाथ, झाडांची पट्टी, पार्किंग, सायकलमार्ग, गाड्यांचा मार्ग, आणि मग दुसरी बाजू. फुटपाथची रुंदी दोनदा लिहा: एकूण किती, आणि खांब, फलक, उभ्या दुचाक्या वगळून चालायला प्रत्यक्ष उरते ती किती. ही दुसरी रुंदी कोणत्याही आराखड्यात सापडत नाही. मधल्या मार्गाची रुंदी सिग्नल हिरवा असताना, ओलांडता ओलांडता पावलांनी मोजा. टेप घेऊन रस्त्यात उतरू नका.

तपासणी: सगळ्या पट्ट्यांची बेरीज आणि वेगळी मोजलेली एकूण रुंदी यांत ३ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एखादी पट्टी सुटली आहे. पुन्हा मोजा.

## ६. शहराचे आराखडे आणि नकाशे (१ महिना आधी)

युरोपातल्या बऱ्याच शहरांत नियोजनाचे दोन थर असतात. वरचा आराखडा संपूर्ण शहराचा. खालचा एका भागापुरता, बांधकामावर थेट बंधनकारक. डेन्मार्कमध्ये वरच्याला कोम्युनप्लान आणि खालच्याला लोकलप्लान म्हणतात. आपल्या जागेचा खालचा आराखडा आधी शोधा. इमारतीची उंची, चटईक्षेत्र, पार्किंगची अट हे सगळे तिथेच असते. भाषांतर यंत्राने करायला हरकत नाही, पण प्रत्येक कायदेशीर शब्दाशेजारी मूळ शब्द लिहून ठेवा. मुलाखतीत अधिकारी तोच शब्द वापरतील.

नकाशांसाठी ओपनस्ट्रीटमॅप (जगाचा खुला नकाशा) आणि क्यूजीआयएस (नकाशे करण्याची मोफत संगणक प्रणाली) पुरेसे आहेत. यात एक चूक इतक्यांदा होते की तिच्याबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. पार्श्वभूमीला येणारा वेब नकाशा बहुधा ईपीएसजी ३८५७ या क्रमांकाच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या रीतीत) असतो. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके त्यातले अंतर फुगते. कोपनहेगनच्या अक्षांशावर (सुमारे ५५.७ उत्तर) प्रत्यक्षातले १०० मीटर या नकाशाच्या एककात सुमारे १७७ होतात. बसथांब्याभोवती ४०० मीटरचे बफर (तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ) याच प्रक्षेपणात काढले तर जमिनीवर ते जेमतेम २२५ मीटरचे असते. मग ‘निम्म्या वस्तीला थांबा चालत गाठता येत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि तो साफ चुकीचा असतो. डेन्मार्क आणि जर्मनीच्या बऱ्याच भागासाठी ईपीएसजी २५८३२ वापरा. नकाशाचे थर (माहितीच्या फाइली) आधी त्या प्रक्षेपणात नव्याने साठवा, बफर त्यानंतर.

तपासणी: ज्याची लांबी माहीत आहे अशी एखादी गोष्ट नकाशावर सपाट (कार्टेशियन) मोजणीने मोजा. फुटबॉलचे मोठे मैदान साधारण १०५ मीटर लांब असते. तुमच्या थरात ते १८५ च्या आसपास भरले तर प्रक्षेपण चुकले आहे.

## ७. प्रत्यक्ष पाहणी

पहिले दोन दिवस काहीच मोजू नका. जागेवर सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा फेऱ्या मारा आणि मोजणीच्या रेषा कुठे आखायच्या ते ठरवा. तिसऱ्या दिवसापासून सुरू करा.

ये-जा मोजणे. रस्त्यावर आडवी काल्पनिक रेषा धरा. एका तासातली १० मिनिटे मोजा आणि ६ ने गुणा. सार्वजनिक जागांच्या अभ्यासात ही रीत रुळलेली आहे. सकाळी ८, ११, दुपारी २, संध्याकाळी ५ आणि ८ या वेळा घ्या. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस आणि एक शनिवार. पायी, सायकल आणि मालवाहू सायकल वेगवेगळ्या रकान्यांत टिपा. रेषा ओलांडून परत आलेला माणूस दोनदा मोजला जातो, ते बरोबरच आहे.

माणसे विरळ असतील तर १० मिनिटे पुरत नाहीत. मोजणीतला सहज चढउतार साधारणपणे संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो: १०० मोजली तर १० इकडेतिकडे, पण १६ मोजली तर ४, म्हणजे २५ टक्के. १० मिनिटांत २० पेक्षा कमी माणसे आली तर २० मिनिटे मोजा आणि ३ ने गुणा.

थांबलेली माणसे मोजणे. ही पद्धत वेगळी आहे. तासातून एकदा ठरलेल्या वाटेने जागेतून चालत जा. त्या क्षणी जो जिथे आहे त्याची खूण नकाशावर करा: उभा, बाकावर, कॅफेच्या खुर्चीवर, पायऱ्यांवर, खेळणारी मुले. हा त्या क्षणाचा आकडा आहे. त्याला ६ ने गुणू नका. दोन्ही पद्धती एकाच तक्त्यात लिहिल्याने हा घोळ होतो, म्हणून कागदच वेगळे ठेवा.

प्रत्येक तक्त्यावर ऊन की सावली, वारा, पाऊस याची नोंद हवीच. उत्तर युरोपात माणसे उन्हाचा बाक धरतात आणि उष्ण हवेत सावलीचा. त्यामुळे दोन शहरांतल्या रिकाम्या बाकांची थेट तुलना काहीच सांगत नाही. उन्हातल्या आणि सावलीतल्या जागा वेगळ्या मोजून मगच तुलना करा.

तापमान. इन्फ्रारेड तापमापी पृष्ठभागाचे तापमान दाखवते, हवेचे नाही. दुपारचे डांबर हवेपेक्षा २० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त तापलेले असू शकते. ‘चौकाचे तापमान ५२ अंश’ असे लिहिलेत तर अहवालावरचा विश्वास उडतो. १२:१ प्रमाणाचे (अंतराच्या बाराव्या भागाएवढा गोल वाचणारे) उपकरण १.२ मीटरवरून साधारण १० सेंटिमीटरचा गोल वाचते. ते सरळ खाली धरा. चकचकीत धातूवर आकडा खोटा येतो.

पाणी साठवणारी जागा. नुसते वर्णन नको, घनफळ काढा. ३० बाय २० मीटरचा, अर्धा मीटर खोल चौक ३०० घनमीटर पाणी धरतो. १०,००० चौरस मीटर पक्क्या क्षेत्रावर ३० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला तर तेवढेच पाणी जमते. प्रत्यक्षात थोडे मुरते, थोडे साचते, म्हणून पक्क्या जमिनीसाठी ०.९ ने गुणा. बेंथेमप्लाइनची क्षमता सुमारे १,७०० घनमीटर आहे. ते पाणी किती छपरांवरून आणि अंगणांतून येते, हे शोधणे एका आठवड्याचे चांगले काम आहे.

सावधान, ऋतूचा दोष: जुलैत बऱ्याच ठिकाणी शाळा बंद असतात आणि अनेक कार्यालये रजेवर असतात. कामावर जाणाऱ्या सायकली घटतात, पर्यटक वाढतात. जुलैचा आकडा वर्षभराचा म्हणून कधीही मांडू नका. शहराची कायमची मोजणीयंत्रे असतील तर त्यांचे महिनावार आकडे मागा आणि जुलैचे वर्षाच्या सरासरीशी गुणोत्तर काढा. निदान ‘सुट्टीच्या काळातील मोजणी’ असे ठळक लिहा.

## ८. मुलाखती आणि फोटो

नियोजन अधिकाऱ्यांची वेळ पोहोचल्यावर मागितली तर मिळत नाही. निघण्यापूर्वी तीन आठवडे पत्र पाठवा. आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात, ते विचारण्यात वेळ घालवू नका. विचारा ते हे: देखभाल कोणते खाते करते, पैसे कोणत्या शीर्षाखाली येतात, कोणता भाग ठरल्याप्रमाणे चालला नाही, आज पुन्हा करायचे तर काय बदलाल. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरेच दुसऱ्या शहराच्या कामी येतात.

ध्वनिमुद्रणापूर्वी संमती घ्या. संस्थेची नैतिक परवानगी लागणार असेल तर ती जाण्यापूर्वीच मिळवा, तिला आठवडे लागतात. खेळाच्या जागी मुलांचे चेहरे टिपू नका. ड्रोन नेऊच नका. युरोपीय संघात कॅमेरा असलेल्या ड्रोनसाठी चालकाची नोंदणी लागते आणि या कामाला त्याची गरजही नाही. प्रत्येक जागेचा एक फोटो ठरलेल्या बिंदूवरून, ठरलेल्या दिशेला, रोज त्याच वेळी घ्या. असे वीस फोटो इतर हजारांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

## ९. रोज रात्रीचा अर्धा तास

त्या दिवसाचे तक्ते त्याच रात्री संगणकात चढवा. फाइलच्या नावात तारीख, जागा आणि वेळ घाला. कागदाचा फोटो काढून दुसऱ्या ठिकाणी साठवा. दोन दिवस गेले की ‘सा’ म्हणजे सायकल की सावली, हे स्वतःलाही सांगता येत नाही.

## १०. अहवाल आणि श्रेयांक

अहवालाची सुरुवात आपल्या शहरात मोजलेल्या छेदापासून करा. त्याखाली त्याच प्रमाणात परदेशातला छेद काढा आणि फरक मीटरमध्ये लिहा. मग हा फरक कशामुळे टिकतो ते सांगा: कोणता नियम, कोणता निधी, कोणते खाते. नियम आणि निधी वगळून केवळ रचना उचलायची शिफारस करणे, ही या अहवालांतली सर्वांत मोठी चूक आहे. पार्किंगची अट तशीच ठेवून फोबांसारखी वस्ती उभी राहत नाही.

गुणपत्रिकेची मागणी तिथून परत निघण्यापूर्वीच नोंदवा. यजमान विद्यापीठाचे ईमेल खाते अभ्यासक्रमानंतर बंद होऊ शकते, तेव्हा कायमचा पत्ता द्या. गुणपत्रिका थेट आपल्या विभागाला जाईल असे पाहा. सोबत दुसऱ्या टप्प्यातले मंजुरीपत्र पुन्हा जोडा, कारण दरम्यान तिथली माणसे बदललेली असू शकतात.

ज्यांनी मुलाखत दिली त्यांना त्यांच्या कामाविषयीची पाने अंतिम प्रत करण्याआधी पाठवा. चुकलेला आकडा ते लगेच दाखवून देतात. अंतिम तारीख ऑगस्टमध्ये असेल तर ही पाने किमान तीन आठवडे आधी पाठवा, कारण तेव्हाही बरेच जण रजेवर असतात.